ऐतिहासिक मालिका वही घेऊन कशी बघावी: रमाबाई रानडे आणि नाशिकचं उदाहरण

ऐतिहासिक मालिकेवर लिहायला बसलेला चाहता बहुतेक वेळा नथीपासून आणि लुगड्याच्या काठापासून सुरुवात करतो. ते बघावंच, पण सर्वांत शेवटी. आधी प्रत्येक प्रसंगाला एकच प्रश्न विचारावा: त्या दिवशी या पात्राला काय ठाऊक होतं, आणि ते कुणाला भीत होतं? लेखन घसरतं ते इथेच. पुढे काय झालं हे लेखकाला माहीत असतं, आणि ते नकळत पात्राच्या तोंडी जातं.

उदाहरणाला न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांच्या पत्नी रमाबाई रानडे घेऊ. २०१२ साली झी मराठीवर आलेल्या 'उंच माझा झोका' या मालिकेमुळे त्या घराघरांत पोचल्या. नाशिककरांना तर हा विषय घरचाच आहे. न्यायमूर्ती रानड्यांचा जन्म १८४२ साली निफाडला झाला आणि १८७८ मध्ये पुण्याहून त्यांची बदली झाली तीही नाशिकला.

एक शंभरपानी वही घ्या आणि पानावर चार रकाने आखा: प्रसंग, कुणाला काय हवंय, अडवतं कोण आणि का, शेवटी काय बदललं. जाहिराती वजा केल्या तर अर्ध्या तासाच्या भागात वीस-बावीस मिनिटं उरतात. पहिल्यांदा भाग न थांबवता बघा, दुसऱ्यांदा पेन हातात घेऊन. एका बैठकीत दोन भाग पुरे, तिसऱ्या भागापर्यंत नोंदी आळसावतात. सलग दहा भागांच्या नोंदी झाल्याशिवाय मत मांडू नका. चौथा रकाना सलग तीन भाग कोरा राहिला, तर कथा ताणली जातेय हे नक्की. भागाच्या शेवटी दार उघडतं, कुणीतरी दचकतं, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच मिनिटात कळतं की दारात गडी उभा होता. अशा फसव्या शेवटांवर फुली मारत जा. दहात सहा फुल्या आल्या तर तो दोष पटकथेचा. श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद यांची नावं पुष्कळदा वेगवेगळी असतात, ती उतरवून ठेवा. प्रसंग उत्तम बांधलेला असेल आणि वाक्यं पोकळ असतील, तर पटकथाकाराला बोल लावणं अन्याय आहे.

तिसऱ्या रकान्यातल्या 'का'वर सर्वांत जास्त वेळ घालवा. रमाबाईंच्या शिकण्याला घरातल्या बायकांचा विरोध होता, हे त्यांनी स्वतःच लिहिलंय. मालिकेत अशा बायका आल्या की लगेच भुवया उंचावतात, कॅमेरा तीनदा चेहऱ्यावर जातो आणि खलनायिका तयार होते. पण रानड्यांची बहीण दुर्गा विधवा होती. जे नियम पाळण्यात तिचं आयुष्य गेलं, तेच नियम धाकट्या वहिनीसाठी सैल होताना बघणं तिला कसं झालं असेल? पटकथेत हा प्रश्न एकदा तरी आला पाहिजे. नणंदेचा राग खरा वाटला तरच रमाचं वाचन धाडस वाटतं, नाहीतर सगळा सासू-सुनेचा नेहमीचा खेळ होतो. ओळखण्याची सोपी रीत अशी: विरोध करणाऱ्या पात्राची तीन वाक्यं निवडा आणि मागचं संगीत बंद आहे असं समजून मोठ्याने वाचा. त्यात काही तथ्य वाटलं तर लेखन जमलंय.

नायकाचीही अशीच झडती घ्या. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी १८७३ मध्ये, पहिली पत्नी गेल्यावर काही महिन्यांतच, वडिलांच्या आग्रहाला मान देऊन अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. लग्नाच्याच रात्री त्यांनी तिला पाटी-पेन्सिल देऊन अक्षरं शिकवायला घेतली. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. फक्त पाटी दाखवून पहिली गोष्ट वडिलांच्या हट्टावर ढकलून मोकळं होणारी पटकथा भित्री आहे, असं स्पष्ट लिहा. नायक कुठे हरतो आणि त्याची किंमत कोण भरतं, हे वहीत स्वतंत्र पानावर टिपा.

आता एक प्रसंग अगदी जवळून पाहू. रमाबाई पहिल्यांदा लोकांसमोर बोलल्या त्या नाशिकला, शाळेच्या समारंभात, आणि ते भाषण रानड्यांनी लिहून दिलं होतं. असा प्रसंग लिहिताना मोह काय होतो? तिने कागद बाजूला ठेवावा, मनातलं बोलावं, टाळ्यांचा कडकडाट व्हावा. हा मोह म्हणजे आजच्या बाईला १८७८ च्या सभेत उभं करणं. सोळा-सतरा वर्षांची मुलगी नवऱ्याची वाक्यं वाचतेय, ती हळूहळू तिच्या तोंडी बसतायत, आणि घरी गेल्यावर कोण काय म्हणेल हेही मनात आहे. खरं नाट्य इथे आहे. कागद हातात राहिला का, एवढं बघितलं तरी लेखकाची पातळी कळते.

भाषेसाठी अर्धा तास वेगळा काढा. त्या काळी बायको नवऱ्याचं नाव तर घेत नसेच, 'इकडून सांगणं झालं', 'इकडची स्वारी' अशी बोलायची. दर वाक्याला 'अहो' आलं तर लेखकाने वाचन केलेलं नाही. 'मला थोडी स्पेस द्या' असं कुणी लिहीत नाही, पण 'तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?' हे त्याचंच मराठी रूप सहज निसटतं.

स्थळ तपासायला नाशिककरांना फार लांब जायला नको. १८४० साली स्थापन झालेलं सार्वजनिक वाचनालय गावातच आहे. तिथे दोन पुस्तकांची चौकशी करा: रमाबाईंचं १९१० सालचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' आणि १८८३ सालचं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याची सरकारने छापलेली माहिती. दुसरं इंग्रजीत आहे, पण गावाचं वर्णन बदलीच्या काळाला लागूनच आहे. १८७८ च्या दृश्यात काळाराम मंदिर चालेल, सुंदरनारायण चालेल, पण गोदावरीवरचा व्हिक्टोरिया पूल, म्हणजे आजचा अहिल्यादेवी होळकर पूल, दिसला तर चूक, कारण तो १८९० नंतरचा. पुण्याहून नाशिकला येताना सलग बैलगाड्यांचा तांडा दाखवला तरी शंका घ्या. तेव्हा पुण्याहून कल्याण आणि कल्याणहून थळ घाट चढून नाशिक रोड अशी आगगाडी होती, गाडी-छकडा लागायचा तो स्टेशनापासून गावात यायला.

'आठवणी'ही डोळे मिटून प्रमाण मानू नका. त्या रानडे गेल्यावर, पतीवर अपार भक्ती असलेल्या बाईने लिहिल्यात. पुस्तकात नसलेला प्रसंग मालिकेत आला म्हणून लगेच खोटा ठरत नाही. पुस्तक जिथे गप्प आहे तिथे लेखकाने काय भरलं, हे टिपा.

शेवटी वयाची उडी. लहान रमा तेजश्री वालावलकर आणि मोठी रमा स्पृहा जोशी. अशा बदलाच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन भाग पाठोपाठ बघा. लहानपणची एखादी लकब, अडखळायची जागा किंवा एखादी भीती पुढे आली का? चेहरा बदलल्यावर पात्र टिकवायचं काम एकट्या अभिनेत्रीचं नसतं. ही लकब संहितेतच लिहिलेली असावी लागते. ती सापडली तर भागाच्या क्रमांकासकट आणि नेमक्या वाक्यासकट उतरवून घ्या.