शीट केकचे पीस सारखे निघत नाहीत? या चुका टाळा

आमच्या सांगलीच्या विश्रामबागेत कुणाच्याही घरी गेलात तरी खोबऱ्याच्या वड्या पाडताना कुणी फूटपट्टी घेत नाही. आईचं कसं, ताटात सारण थापलं, सुरी तिरकी घातली, सरासरा रेघा ओढल्या की झालं, कडेचे तिकोनी तुकडे पोरांच्या हातात. मला वाटायचं शीट केक, म्हणजे मोठ्या आयताकृती टिनातला पसरट केक, तरी काय, मोठी वडीच की. पण वडीचा कडेचा तुकडा कुणी मोजत नाही, केकचा मोजतात, कारण पन्नास माणसं प्लेट घेऊन रांगेत उभी असतात आणि शेजारणीला मोठा गेलेला सगळ्यांना दिसतो.

माझी पहिली मोठी ऑर्डर एका रिटायरमेंटची होती, 12 बाय 18 इंची केक. मी डाव्या कडेपासून दोन-दोन इंच मोजत निघाले, दर रेघेला सुतभर इकडं-तिकडं होत गेलं, आणि शेवटच्या ओळीला उरला इंचभर! वर प्रत्येक चौकोनात फूल काढायचं ठरलेलं, ते त्या ओळीत मावेना. शेवटी तिथं नुसती चेरी ठेवली. साहेबांच्या सूनबाई म्हणाल्या, "ताई, हे बारके पीस लहान मुलांसाठी केले का ओ?" मी हो म्हटलं, काय करणार.

तर पहिली चूक, किलोवर हिशोब. गिऱ्हाईक विचारतं, "ताई, दोन किलोत किती पीस निघतील?" आणि आपण बिनधास्त आकडा सांगून मोकळं होतो. पण पीस वजनावर नाही, वरच्या मापावर निघतात, त्याच दोन किलोचा केक उंच केला की पीस कमी, पसरट केला की जास्त. 12 बाय 18 ला दोन बाय दोनचे पाडले तर सहा ओळी गुणिले नऊ म्हणजे 54, दोन बाय तीनचे पाडले तर 36. घरच्या 9 बाय 13 च्या टिनाच्या कडा छाटून 8 बाय 12 राहिला तर दोन बाय दोनचे 24. एवढं पाठ करून ठेवा. आणि टिनाचं माप वरच्या काठाला घेऊ नका, बऱ्याच टिनांचा तळ काठापेक्षा बारका असतो, शिवाय स्पंज थंड झाला की थोडा आकसतो. म्हणून पीस ठरवताना टिन नाही, केक मोजायचा.

आता खरी गंमत. केक कधीच बरोब्बर 12 इंच भरत नाही, भरतो सव्वाअकरा, आणि सव्वाअकराचे सहा भाग डोक्यात करत बसलात तर क्रीम वितळेल. मी काय करते, क्रीमचा शेवटचा हात मारून झाला की केक मोजते (क्रीमनं चारी बाजूंनी केक वाढतो, आधी मोजलेलं वाया जातं) आणि तेवढाच बटर पेपर कापते. कागद ओट्यावर पसरायचा, फूटपट्टीचा शून्य खालच्या कडेवर ठेवायचा आणि पट्टी तिरकी करत जायची, 12 चा आकडा वरच्या कडेला टेकेपर्यंत. मग 2, 4, 6, 8, 10 वर टिंबं. तसंच कागदाच्या दुसऱ्या टोकाला करायचं आणि टिंबं जोडून रेघा कडेपर्यंत ओढायच्या, सहा ओळी एकदम सारख्या! शाळेत भूमितीत शिकवलेलं असतं हे, तेव्हा वाटायचं कशाला उपयोग आहे याचा. लांबीला साडेसतरा इंच आले तर शिवणकामाची टेप 18 पर्यंत तशीच तिरकी धरा, दर दोन इंचाला खूण, नऊ भाग. फक्त प्लॅस्टिकच्या पट्टीचा शून्य टोकापासून जरा आत असतो, तो बघून ठेवा, मी दोनदा फसलीय.

आठ भाग हवे असतील तर एवढं नाटक नको, कागदाची घडी घाला, अर्धा, परत अर्धा, परत अर्धा. घडी घालून नऊ मात्र पटकन होत नाहीत.

खुणा केकवर करू नका, केकखालच्या बोर्डवर करा. कागदाची कड केकच्या शेजारी टेकवायची आणि बोर्डवर पेन्सिलीनं बारीक टिंबं द्यायची, चारी बाजूंनी. त्यासाठी बोर्ड केकपेक्षा सगळीकडून इंच-दीड इंच मोठा पाहिजे आणि जाड पाहिजे, पातळ पुठ्ठा उचलताना वाकतो आणि क्रीमला तडा जातो. मग केक अर्धा तास फ्रीजमध्ये. क्रीम जरा घट्ट झालं की पांढरा दोरा ताणून, एक टोक आपल्याकडं, एक घरातल्या कुणाकडं तरी, टिंबापासून टिंबापर्यंत हलका टेकवायचा आणि सरळ वर उचलायचा, ओढायचा नाही. सुरीनं रेघ मारली की खालचा चुरा वर येतो. आणि दोरा पांढराच घ्या, मी एकदा घाईत लाल घेतला होता, त्याचे तंतू व्हॅनिला क्रीमवर केसासारखे दिसत होते, चिमट्यानं काढत बसले.

छोट्या ओटीजीवाल्यांची (म्हणजे घरगुती इलेक्ट्रिक ओव्हनवाल्यांची) एक वेगळीच अडचण. 18 इंची टिन आत जातच नाही, म्हणून आपण 9 बाय 12 चे दोन स्पंज करून जोडतो, जोड येतो नऊ इंचावर. आता दोन-दोन इंचाच्या उभ्या ओळी पाडल्या की तो जोड बरोब्बर पाचव्या ओळीच्या मधून जातो आणि प्लेटमध्ये पीसचे दोन तुकडे पडतात. तीन-तीन इंचाच्या पाडा, तिसरी रेघ जोडावरच येते. पीस 36 निघतील पण अख्खे निघतील, मला तरी हे पटतं.

फुगवटा छाटायचा कंटाळा करू नका, नाहीतर मधले पीस उंच आणि कडेचे बुटके. टिनाला बाहेरून ओल्या कापडाची पट्टी गुंडाळली की फुगवटा कमी येतो.

सजावटीत नावाची भानगड जास्त. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, दोन इंचाच्या ओळीत "हार्दिक शुभेच्छा" कोंबलं की कापताना अर्धा उकार एकीकडं. मी वरच्या दोन ओळींत रेघाच पाडत नाही, तिथं दोऱ्यानं फक्त शिरोरेखेची खूण करते म्हणजे अक्षरं चढउतार होत नाहीत, कापताना बोर्डवरची टिंबं असतातच. त्याहून सोपं म्हणजे नाव चॉकलेटच्या पाटीवर लिहायचं आणि कापायच्या आधी पाटी उचलून ज्याचा केक त्याच्या हातात द्यायची.

फुलं काढताना चौकोनाचा मध्य टूथपिकनं टोचून घ्या. दोन इंचाच्या चौकोनात फूल सव्वा इंचाच्या वर नको, रेघेवर आलं की सुरीला चिकटून शेजारच्या पीसवर फासलं जातं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा सीझन असला की सगळ्यांना तीच हवी असते, पण कापलेली स्ट्रॉबेरी पाणी सोडते आणि पांढऱ्या क्रीमवर गुलाबी ओघळ येतात. टिश्यूनं टिपून, अगदी निघायच्या वेळी ठेवा. कडेला क्रीमची शिंपल्यांसारखी जाड शेल बॉर्डर पण मी हल्ली काढत नाही, कोपऱ्याचा पीस ज्याला जातो त्याला नुसतं क्रीमच मिळतं.

कापताना केक गारच पाहिजे, एप्रिलमध्ये सांगलीत हॉलच्या टेबलावर केक जास्त वेळ ठेवला की क्रीम बसतंय. लांब सुरी, शेजारी गरम पाण्याचा जग आणि फडकं. सुरी सरळ खाली दाबायची आणि वर न उचलता आपल्याकडं ओढून काढायची, दर वेळी पुसायची. आधी सगळ्या लांब रेघा, मग आडव्या.

आणि रेघ चुकलीच तर दुसरी शेजारी ओढू नका, पॅलेट नाईफ (क्रीम पसरायची बोथट सुरी) गरम पाण्यात बुडवून, पुसून, चुकलेल्या रेघेवरून एकदाच हलका फिरवा, केक परत दहा मिनिटं फ्रीजमध्ये टाका आणि बोर्डवरचं टिंब तपासा, बहुतेक तेच हललेलं असतं.