नदीतली गारगोटी घरच्या घरी चकचकीत कशी करायची

पाण्यातली गारगोटी कसली भारी दिसते बघा, मधासारखी, आतून उजेड आल्यासारखी, आणि तीच खिशात टाकून घरी आणली की तासाभरात वाळून पांढुरकी होते, मग आई विचारते हे काय दगडधोंडे गोळा करून आणलेस. होतं काय, की दगडाचा वरचा थर बारीक खडबडीत असतो, उजेड त्यावर पडून सगळीकडे फाकतो, पाण्याने ते खड्डे भरले की तेवढ्यापुरता तो सपाट होतो. टंबलिंगमध्ये, म्हणजे दगड, पाणी आणि ग्रिट (घासायची कडक भुकटी) फिरत्या डब्यात, बॅरलमध्ये, घालून आपण ते खड्डेच घासून काढतो. एका लॉटला महिना जातो, आधीच सांगतो.

मशीन नंतर, आधी दगड ओळखा

सगळे उलटं करतात, मीपण केलं. पहिल्याच लॉटमध्ये दिसेल तो छान दगड बॅरलमध्ये टाकला, त्यात दोन पांढरे दुधाळ तुकडे होते, मला वाटलं क्वार्ट्झ. आठवड्याने उघडलं तर एक गायबच, दुसरा शेंगदाण्याएवढा. कॅल्साइट होतं ते. म्हणून नियम एकच, एका बॅरलमध्ये सारख्या कडकपणाचेच दगड, नाहीतर कडक दगड मऊ दगडाला खाऊन टाकतात.

कडकपणा मोजायचा तो मोहस् स्केलवर, 1 ते 10, 1 सगळ्यात मऊ, 10 सगळ्यात कडक. गारगोटी, अकीक, जास्पर हे सगळे 6.5 ते 7 च्या आसपास, म्हणजे आपल्या कामाचे. कॅल्साइट फक्त 3. घरी तपासायला तीन गोष्टी पुरतात: स्टीलचं पातं, मोबाईलचा टॉर्च आणि व्हिनेगर.

पात्याने जोरात ओरखडा काढा. अकीकवर काहीच होत नाही, उलट पात्याचंच स्टील घासून करडी रेघ उमटते, ती बोटाने पुसली की जाते, ओरखडा असेल तर जात नाही (हे न पुसता बरेच जण फसतात). मग अंधारात मागून टॉर्च लावा. उजेड आरपार येऊन आत पट्टे दिसले तर अकीक, पट्टे नसून नुसता धुरकट उजेड आला तर कॅल्सेडोनी, म्हणजे आपली साधी गारगोटी, आत हिरवं शेवाळ अडकल्यासारखं दिसलं तर मॉस अगेट, ते शेवाळ नसतं, खनिजच असतं. उजेड अजिबात गेला नाही आणि दगड लाल, पिवळा किंवा तपकिरी असेल तर बहुतेक जास्पर. पातं चाललं आणि शंका आली तर थोडी भुकटी खरवडून तिच्यावर व्हिनेगरचे थेंब टाका, बुडबुडे आले की कॅल्साइट, बाजूला ठेवा.

साधा काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट, त्याच्या वाटेला जाऊ नका. मऊ असतो, भोकं असतात, मेहनत करून शेवटी मंदच दिसतो. आणि विहिरी खणताना निघतात ते स्टिल्बाइट, अपोफिलाइटचे सुंदर स्फटिक तर चुकूनही टाकू नका, चुरा होईल. ते तसेच बघायचे असतात, सिन्नरचं गारगोटी म्युझियम त्यासाठीच बघून या.

आपल्याकडे माल भरपूर आहे. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात गॅसचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पाण्याबरोबर आलेली सिलिका थराथराने साचली, पुढे बसाल्ट झिजला आणि ही कडक गोटी तेवढी उरून नदीत आली. घोड नदीकाठच्या इनामगावला उत्खननात साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत याच कॅल्सेडोनीची पाती सापडलीत, तेव्हाही लोकांना दगड निवडता येत होता. खिसाभर आणा, गोणीभर नको, आणि लोणारसारख्या अभयारण्यात काहीच उचलू नका.

आता बॅरल

छोटा 3 पौंडाचा रोटरी टंबलर पुरतो, त्यात दगड, पाणी, बॅरल सगळं धरून साधारण सव्वा किलोच वजन घालायचं, जास्त भरलं तर मोटर जाते. बॅरल दोन तृतीयांश ते पाऊण भरा, लहानमोठे दगड मिक्स हवेत, फक्त मोठे असले तर नुसते आपटतात आणि कडा उडतात. पाणी वरच्या थराच्या किंचित खाली.

पहिला टप्पा 60/90 ची जाड ग्रिट (आकडा जितका मोठा तितके कण बारीक), सिलिकॉन कार्बाइड, 4 टेबलस्पून, सात ते दहा दिवस. आकार इथेच येतो, म्हणून कंजूषी नको, खाचा राहिल्या तर आणखी एक आठवडा नवी ग्रिट घालून चालवा. रोज एकदा झाकण उघडून गॅस सोडा. मग 120/220, मग 500, एकेक आठवडा. शेवटी अॅल्युमिनियम ऑक्साइडची पॉलिश पावडर, अजून एक आठवडा. मशीन चोवीस तास घरघरतं, बेडरूमपासून लांब ठेवा.

सगळ्यात जास्त पॉलिश बिघडते ती स्वच्छता न केल्याने. जाड ग्रिटचा एक कण पुढच्या टप्प्यात गेला तरी अख्ख्या लॉटवर ओरखडे. दगड, बॅरल, झाकणाची रबरी कड, सगळं जुन्या टूथब्रशने घासा, चिरा गेलेला दगड बाहेर काढा, कारण चिरेत ग्रिट लपते. 500 नंतर दगड पूर्ण वाळवून बघा, ओला दगड कायम खोटं बोलतो. एकसारखी मऊ झाक दिसली तरच पॉलिशला जा. पॉलिशनंतर साध्या साबणाचा कीस आणि पाणी घालून काही तास फिरवलं की उरलेली पावडर निघते.

दगड फोडायचा असेल तर ओला करून, गॉगल आणि मास्क लावूनच फोडा. ही धूळ फुफ्फुसात बसते, गुजरातमधल्या खंबात शहरात अकीक घासणाऱ्या कारागिरांना यातूनच सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार होत आलाय. टंबलिंग पाण्यात होतं म्हणून त्यात हा त्रास नाही.

आणि बॅरलमधला राखाडी चिखल बेसिनमध्ये ओतू नका, पाइपमध्ये सिमेंटसारखा बसतो. मी ओतला, प्लंबरने अर्धा पाइप कापून काढला आणि वर विचारलं की घरात फरशीचं काम चाललंय का. बादलीत गाळ बसू द्या, वरचं पाणी बाहेर मातीत टाका, गाळ वाळला की पिशवीत भरून कचऱ्यात.