टेबलक्लॉथसाठी क्रोशाचे चौकोन: पहिला विणा, धुवा, मोजा आणि मगच पुढचे करा

टेबलक्लॉथ विणायचा म्हटलं की भलंमोठं काम डोळ्यासमोर येतं आणि सुरुवातच होत नाही, पण चौकोनांचं बरं असतं, हातात कायम तळहाताएवढाच तुकडा असतो, पिशवीत घालून कुठेही नेता येतो आणि कधीही थांबलं तरी चालतं. मला स्वतःला विणकामातलं हेच सगळ्यात आवडतं. फक्त एक गोष्ट मनापासून सांगते, सगळे चौकोन एकाच मापाचे आले पाहिजेत, बाकी सगळं नंतर सांभाळून घेता येतं.

आधी दोरा. टेबलावर गरम भांडी येणार, डाग पडणार, सारखं धुवायला लागणार, त्यामुळे लोकर किंवा ॲक्रिलिक नको, सुती दोराच घ्या आणि शक्यतो मर्सराइज्ड. जॉन मर्सरने १८५० मध्ये कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेचं पेटंट घेतलं, त्यावरून हे नाव पडलंय. या प्रक्रियेने सूत मजबूत होतं, रंग नीट धरतं, आणि प्रक्रिया करताना सूत ताणून धरलं की चमकही येते. दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, हे उलटं असल्यामुळे नवीन लोक हमखास फसतात. सुरुवातीला १० नंबर घ्या, सुई स्टीलची १.५ मिमी, आणि हात सैल असेल तर १.२५. २० नंबरचं काम दिसतं फार सुंदर पण हात बसल्यावरच त्याच्या वाटेला जा.

आता चौकोन. साखळी, मुका खांब, खांब आणि स्लिप स्टिच एवढं येत असेल तर बास. बाहेरचे पॅटर्न वाचणाऱ्यांसाठी सांगून ठेवते, आपण ज्याला खांब म्हणतो त्याला अमेरिकन पॅटर्नमध्ये डबल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटिश पॅटर्नमध्ये ट्रेबल, म्हणून पॅटर्न कुठला आहे ते आधी बघा नाहीतर सगळंच बिघडतं.

६ साखळ्या घालून स्लिप स्टिचने गोल करा. पहिल्या फेरीत ३ साखळ्या (हा एक खांब धरायचा) आणि गोलात अजून १५ खांब, म्हणजे एकूण १६, मग स्लिप स्टिचने बंद.

दुसरी फेरी ४ साखळ्यांनी सुरू करा, त्यातल्या ३ म्हणजे खांब आणि १ मधली, मग प्रत्येक खांबावर एक खांब आणि मध्ये १ साखळी. १६ खांब आणि १६ खिडक्या (म्हणजे मधल्या साखळीखालच्या मोकळ्या जागा) झाल्या पाहिजेत. तिसऱ्या साखळीत बंद करा आणि खिडक्या मोजाच, कारण पुढचं सगळं या १६ वर उभं आहे.

तिसऱ्या फेरीत स्लिप स्टिचने पहिल्या खिडकीत जा, ३ साखळ्या आणि एक खांब त्याच खिडकीत, मग १ साखळी, पुढच्या खिडकीत २ खांब, १ साखळी, असं गोल फिरत या. इथपर्यंत तुमच्या हातात चपटी चकती असेल. वाटीसारखी वर वळली तर हात घट्ट आहे, सुई एक नंबर मोठी घ्या, आणि कडा लाटांसारख्या उठल्या तर लहान.

चौथी फेरी महत्त्वाची, इथे गोलाचा चौकोन होतो. कोपऱ्याला उंची लागते म्हणून तिथे लांब खांब घालायचे, म्हणजे सुईवर दोरा दोनदा गुंडाळून. स्लिप स्टिचने एक साखळीच्या खिडकीत जा, तिथे ३ लांब खांब, ३ साखळ्या, ३ लांब खांब (पहिल्या लांब खांबाऐवजी ४ साखळ्या). मग ३ साखळ्या, पुढच्या खिडकीत मुका खांब, ३ साखळ्या, मुका खांब, ३ साखळ्या, मुका खांब, ३ साखळ्या आणि पुढच्या खिडकीत परत कोपरा. असे चार कोपरे, आणि दर बाजूला ३ साखळ्यांच्या ४ कमानी.

पाचवी फेरी भरायची. कोपऱ्याच्या ३ साखळ्यांत २ खांब, ३ साखळ्या, २ खांब. मग लांब खांबांवर एकेक खांब, प्रत्येक कमानीत ३ खांब, परत तीन लांब खांबांवर एकेक. एका बाजूला २२ खांब येतात, चारही मिळून ८८. सुरुवातीला कोपऱ्यापर्यंत जायला स्लिप स्टिच ज्या खांबांवरून नेले त्यांच्यावरही फेरीच्या शेवटी खांब घालायचे आहेत, ते विसरतात लोक, आणि मग एक बाजू १९ ची होते.

झाला पहिला. आता थांबा. कोमट पाण्यात भिजवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, फोमवर आलेखाचा कागद प्लास्टिकखाली ठेवून न गंजणाऱ्या पिनांनी ताणून लावा, आधी चार कोपरे मग बाजूंचे मध्य, आणि पूर्ण वाळल्यावर मोजा. १० नंबर दोऱ्यात साधारण ६ ते ७ सेमी येतो पण तुमचं माप तेच खरं, हिशोब त्यावरच करा. ६.५ आला तर ५ गुणिले १५ म्हणजे ७५ चौकोनांचा रनर (टेबलाच्या मधोमध घालायची लांब पट्टी) साधारण ३२ बाय ९७ सेमी होतो, आणि जेमतेम एक मीटरच्या चौरसाला २२५ लागतात. दोऱ्याचा अंदाज हवा असेल तर १० चौकोन एकदम वजन करा, एकाचं वजन घरच्या काट्यावर नीट कळत नाही. सगळा दोरा एकाच लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेला घ्या, पांढऱ्यातसुद्धा फरक दिसतो, आणि गडद रंग असेल तर ओला दोरा पांढऱ्या कपड्यावर दाबून रंग जातो का बघा.

माझा एक रनर मध्ये चार महिने पडून होता, नंतर केलेले चौकोन आधीच्यांपेक्षा जवळजवळ अर्धा सेमी मोठे आले आणि जोडताना फार वाईट वाटलं. तेव्हापासून पहिला धुतलेला चौकोन कायम पिशवीत ठेवते आणि दर पाच-सहा झाले की त्याच्यावर ठेवून बघते.

जोडायला मी तरी सुई-दोराच घेते. दोन्ही चौकोन सुलट बाजू आत करून, फक्त मागच्या धाग्यातून खांबाला खांब शिवायचा. २२ ला २२ जुळतात म्हणून ओढाताण होत नाही. आधी सगळे आडवे जोड सलग पूर्ण करा, मग उभे, तसं केलं की चार कोपरे भेटतात तिथे भोक राहत नाही. दोऱ्याची टोकं गाठ मारून कापू नका, गाठ धुण्यात सुटते, खांबांच्या आतून एका दिशेने आणि मग उलट दिशेने ओवून घ्या.

शेवटी पूर्ण कडेने मुक्या खांबांची एक फेरी घाला, कोपऱ्यात तीन-तीन. कोस्टर असेल तर हलकी खळ द्या, टेबलक्लॉथला नको, तो कडेने छान पडायला हवा. आणि ठेवताना घडी न घालता गुंडाळून ठेवा, घडीच्या रेषा क्रोशावरून लवकर जात नाहीत.