जोतिबाच्या यात्रेला कॅमेरा नेताय? आधी ऑटो पॉवर ऑफ बंद करा

गेल्या वर्षी थोरल्या काकांनी शेवटची सासनकाठी, म्हणजे यात्रेत नाचवतात ती जोतिबाची उंच काठी, नाचवली. गुडघे बोलायला लागलेत, पुढच्या साली पोरांनी बघायचं, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. कॅमेरा माझ्याच हातात होता, आणि त्या नाचाचं एक मिनिटही माझ्याकडं नाही. मिरवणूक ऐन रंगात असताना लेन्सची नळी अर्धी बाहेर येऊन अडकली, स्क्रीनवर 'लेन्स एरर' आलं आणि ते शेवटपर्यंत गेलं नाही. यंदा आमच्या घरातली तीन पोरं कॅमेरे घेऊन वाडी रत्नागिरीला, म्हणजे कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या डोंगरावर, येणार आहेत. त्यांच्यासाठी, आणि अजून जे कोणी चैत्र पौर्णिमेला डोंगरावर चित्रीकरण करणार असतील त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सगळ्यात आधी मेनूत जाऊन ऑटो पॉवर ऑफ बंद करा. बाकीचं नंतर वाचा.

कारण सांगतो. छोट्या डिजिटल कॅमेऱ्याची लेन्स सुरू केल्यावर नळीसारखी बाहेर येते आणि बंद केल्यावर आत जाते. मिनिट-दोन मिनिटं तुम्ही काही दाबलं नाही, की कॅमेरा आपला आपण झोपतो आणि नळी आत ओढून घेतो. एरवी ते बरंच आहे, बॅटरी वाचते. पण जोतिबाला गुलालाचा पाऊस असतो. नळीवर बसलेला गुलाल ती आत जाताना बरोबर घेऊन जाते, आणि आत दातेरी चाकं आहेत. माझा कॅमेरा काठीची वाट बघताना तीनदा झोपला, तीनदा मी तो उठवला. चौथ्यांदा नळी निम्म्यावर करकरली आणि थांबली. गुलाल उडतोय तोवर नळी आत-बाहेर होता कामा नये, इतकंच मला तेव्हा कळायला हवं होतं.

काढलेले फोटो बघायचं बटण दाबलं तरी बऱ्याच कॅमेऱ्यांत थोड्या वेळानं लेन्स आत जाते. काहींत त्याची वेगळी सेटिंग असते, तीही बघा. गर्दीत फोटो बघत बसू नका, घरी या आणि बघा.

आता कुठला कॅमेरा न्यायचा. एका बाजूला हा नळीवाला डिजिकॅम, दुसऱ्या बाजूला पॉकेट कॅमकॉर्डर, म्हणजे खिशात मावणारा व्हिडिओ कॅमेरा. मेव्हण्यानं अमेरिकेहून आणलेला तसला एक, फ्लिप नावाचा, घरात पडून आहे. २००७ च्या सुमारास हे फ्लिप फार चालले, २००९ मध्ये सिस्कोनं ती कंपनी घेतली आणि २०११ मध्ये हे कॅमेरे बंदच करून टाकले. आमचा अल्ट्रा एचडी आहे, ८ जीबी, साधारण २ तासांचं चित्रीकरण. यंदा तो मी बरोबर घेणारच, कारण त्यात हलणारी लेन्स नाही. समोर काच, मागं एक लाल बटण. गुलाल काचेवर बसेल, पुसून टाका. आत ओढून घ्यायला नळीच नाही. पेन्सिल सेलवर चालतो, आणि असले सेल सहज मिळतात.

पण त्याला झूम नाही. जो आहे तो चित्र नुसतं मोठं करतो, चेहरे फुटतात. फोकस ठरलेला, त्यामुळं अगदी नाकासमोरचं धूसर येतं. हात हलला की चित्र हलतं. आणि चौकटीत फार थोडं मावतं. काठी ३०-४० फुटांची, तुम्ही तिच्या पायथ्याशी. डिजिकॅमची लेन्स रुंद असेल, २४ किंवा २८ मिमीची, तर चार पायऱ्या वर चढून काठी बुडापासून शेंड्यापर्यंत एका चौकटीत घेता येते. फ्लिपमध्ये एक तर नाचवणारा येतो नाही तर शेंडा. शिवाय पाडळी गावची मानाची काठी पुढं निघते तेव्हा तिच्याजवळ पोचायला मिळेलच असं नाही, तिथं खरा झूम लागतोच.

हल्ली दांड्यावर लेन्सची मान आपोआप फिरते असे पॉकेट कॅमेरे आलेत, ऑस्मो पॉकेट ३ सारखे. चित्र अतिशय स्थिर, चित्र टिपणारा सेन्सर १ इंचाचा, म्हणजे साध्या डिजिकॅमच्या कितीतरी मोठा. लग्नाला न्या, पन्हाळ्यावर न्या. गुलालात मात्र त्या फिरत्या मानेचं मला भय वाटतं. ती झाकली तर फिरणार कशी? आणि बॅटरी आतलीच, दुसरी घालता येत नाही.

म्हणून माझं ठरलंय: मिरवणुकीच्या पोटात शिरायला फ्लिप, वरच्या पायऱ्यांवरून डिजिकॅम. एकच न्यायचा असेल आणि तुम्ही काठीबरोबर असाल, तर नळी नसलेला न्या.

डिजिकॅम नेणाऱ्यांनी पारदर्शक झिपची पिशवी घ्यावी. तिला लेन्सएवढं भोक पाडायचं, कॅमेरा सुरू करून झूम एकदाच ठरवायचा, मग पिशवीची कड नळीभोवती रबरानं हलकी धरायची. पुन्हा सांगतो, आधी ऑटो पॉवर ऑफ. रबर लावलेलं असताना कॅमेरा झोपला तर मोटर रबराशी झुंजते, आणि मग गुलालाचीही गरज नाही. सेटिंग केलीय असं वाटणं पुरेसं नाही. आदल्या रात्री कॅमेरा सुरू करून टेबलावर ठेवा, दहा मिनिटं हात लावू नका. नळी आत गेली तर सेटिंग झालेली नाही. सेटिंग रीसेट केल्या असतील तर ही परीक्षा पुन्हा घ्या.

असं दिवसभर जागं ठेवलं की बॅटरी लवकर उतरते, म्हणून दोन जादा बॅटऱ्या. कार्ड रिकामं हवं. बरेच जुने कॅमेरे ३२ जीबीच्या वरचं कार्ड ओळखत नाहीत, नवीन ६४ चं घेऊन थेट डोंगरावर जाऊ नका, घरी घालून बघा. फ्लिपला कार्डच नाही, तो आदल्या रात्री रिकामा केला नाही तर वर काही इलाज नाही. बरेच डिजिकॅम ३० मिनिटांच्या आत चित्रीकरण आपोआप थांबवतात, जुने ४ जीबीची फाईल झाली की थांबतात. लाल ठिपका दिसतोय का, बघत राहा.

फ्लॅश बंद. हवेतला गुलाल फ्लॅशनं उजळतो आणि फोटोभर पांढरट ठिपके येतात. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग जुळवायची सेटिंग, ऑटोवर ठेवू नका, सूर्याच्या चिन्हावर ठेवा. सगळीकडं गुलाबी दिसलं की कॅमेरा ते दुरुस्त करायला जातो आणि गुलाल फिका पडतो, माणसं आजारी दिसतात. बऱ्याच जुन्या डिजिकॅममध्ये चित्रीकरण चालू असताना झूम हलत नाही, ते इथं सोयीचंच आहे. हलगी, घुमकं, कैताळ ही वाद्यं जवळ आली की दोन्ही कॅमेऱ्यांचा आवाज फाटतो. माईकच्या भोकावर मायक्रोपोरची (जखमेवर लावायच्या कागदी चिकटपट्टीची) छोटी पट्टी लावा, वारा आणि गुलाल तरी अडतो. बोट तिथं नको.

मधे थांबलात आणि कॅमेरा बंद करून खांद्याच्या पिशवीत टाकावासा वाटला तर आधी रबर काढा, नळी ब्लोअरनं, म्हणजे हवा मारायच्या रबरी फुग्यानं, झाडा, मऊ ब्रश फिरवा, मगच बंद करा. तोंडानं फुंकू नका, ओल लागली की गुलालाचा चिखल होतो. ओलं फडकं तर अजिबात नको. आणि पुन्हा सुरू केल्यावर ऑटो पॉवर ऑफ बंदच आहे ना, बघा.

संध्याकाळी पालखी यमाईच्या देवळाकडं निघते तेव्हा उजेड उतरलेला असतो. डिजिकॅमनं झूम केला की लेन्स आणखी अंधारी होते, त्यामुळं झूम मागं घेऊन पुढं चालत जा. दिव्यांचे पट्टे येत असतील तर मेनूत ५० हर्ट्झ किंवा पीएएल (PAL) निवडा.

पाणी, टोपी, रुमाल घ्या. गाडी लांब लावावी लागते.

घरी आल्यावर आधी रबर काढणं, मग झाडणं, मग बंद करणं, मग बॅटरी काढणं. त्याच रात्री सगळं कॉपी करा. फ्लिप यूएसबीला लावला की पेनड्राइव्हसारखा दिसतो, फाईली डीसीआयएम (DCIM) नावाच्या फोल्डरमध्ये असतात.