मोनोपॉलीचा बॉट मठ्ठ का खेळतो? या चुका टाळा

मोनोपॉलीचे नियम कोडमध्ये बसवणं फारसं अवघड नाही. 40 चौकोन, 28 मालमत्ता, दोन फासे. अवघड पुढेच असतं. बॉट, म्हणजे माणसाऐवजी खेळणारा प्रोग्राम, खेळायला बसवला की थोड्याच वेळात कळतं, हा भिडू हिशेबाला पक्का आणि व्यवहाराला कच्चा आहे. याचं कारण बहुतेक वेळा एकच: मालमत्तेचं मोल तो छापील किमतीवरून ठरवतो. ती कुणाच्या हातात पडली तर काय होईल, हे बघतच नाही.

खालचे आकडे अटलांटिक सिटीच्या रस्त्यांवर बेतलेल्या मूळ अमेरिकन पटाचे आहेत. ‘व्यापार’साठी बॉट लिहीत असाल तर आकडे तुमच्या पटावरून घ्या. चुका मात्र याच होतात.

सौद्यात फक्त आपला नफा मोजणं

लक्षण ओळखायला सोपं आहे. नारिंगी गटातल्या दोन जागा तुमच्याकडे, तिसरी सेंट जेम्स प्लेस बॉटकडे. किंमत 180 डॉलर. तुम्ही 250 देऊ केले की बॉट लगेच विकतो, कारण त्याच्या लेखी 70 डॉलर सुटले. तुम्ही तिथे तीन-तीन घरं बांधता, आणि जिथे 14 डॉलर भाडं होतं तिथे तो 550 मोजतो.

यावर बहुतेक जण घाईघाईने एक नियम टाकतात: समोरच्याचा संच (एका रंगाच्या सगळ्या जागा) पूर्ण होत असेल तर विकायचंच नाही. रोगापेक्षा इलाज भयंकर! चार जणांच्या डावात बाकीच्यांतले दोघं आपसांत अदलाबदल करून दोन संच जुळवतात आणि तत्त्वनिष्ठ बॉट दोघांनाही भाडं भरत बसतो. सगळ्यांनीच असा हट्ट धरला तर डाव संपतच नाही.

करायचं ते असं. सौद्याआधीचा आणि सौद्यानंतरचा अख्खा पट, प्रत्येक खेळाडूच्या बाजूने मोजा. पुढच्या काही फेऱ्यांत कुणाला किती भाडं येईल, कुणाचं किती जाईल, आणि महत्त्वाचं म्हणजे बांधायला रोकड कुणाकडे आहे. संच पूर्ण झालेल्या माणसाच्या खिशात 80 डॉलर असतील तर तो अजून निरुपद्रवी आहे. 900 असतील तर तीच जागा त्याला विकणं म्हणजे आपल्या पायावर धोंडा. ‘माझी मालमत्ता वाढली का’ याऐवजी ‘माझी जिंकण्याची शक्यता वाढली का’ हा प्रश्न बॉटला विचारायला लावा. उत्तर होकारार्थी असेल तर संच देऊन संच घ्यायलाही हरकत नाही.

नाकारलेला तोच प्रस्ताव बॉट दर फेरीला पुन्हा आणत असेल, तर प्रस्तावाची नोंद ठेवा आणि मालकी किंवा रोकड लक्षणीय बदलेपर्यंत तो दाबून ठेवा. दोन बॉट एकच जागा एकमेकांना विकत-घेत राहिले, तर किमान फायद्याची अट घाला. तसा फायदा दिसला नाही तर सौदा नाही.

सगळे चौकोन सारखेच धरणं

पटावर सर्वांत जास्त वेळा माणूस सापडतो तो तुरुंगात, आणि तिथून सुटणारे नारिंगी गटाकडेच निघतात. त्या तीन जागा तुरुंगापासून 6, 8 आणि 9 चौकोनांवर. पैसे भरून बाहेर आलेला खेळाडू पहिल्याच फेकीत यांपैकी एकीवर पडण्याची शक्यता 36 पैकी 14, म्हणजे जवळपास 39 टक्के. हे गणित नसलेला बॉट बोर्डवॉक या गडद निळ्या, सर्वांत महाग जागेवरच्या 2000 डॉलर भाड्याच्या हॉटेलवर भाळतो. गडद निळा संच तीन-तीन घरांसह 1950 डॉलरला पडतो आणि त्यात दोनच चौकोन. नारिंगी 1460 ला, तेही तीन. चौकोनांच्या शक्यता एकदाच मार्कोव्ह साखळीने (आत्ताच्या चौकोनावरून पुढचा कोणता, याच्या शक्यता जोडत जाणारं गणित) काढा आणि तक्ता म्हणून साठवा. दर चालीला मोजायची गरज नाही. त्यात चान्सची पत्ती विसरू नका. 16 पैकी 10 सोंगटी हलवतात.

बांधकामातही हीच ढोबळ वृत्ती दिसते. सेंट जेम्स प्लेसवर दुसरं घर 130 डॉलर भाडं वाढवतं, तिसरं 350, चौथं 200. तेव्हा दोन संचांत एकेक घर शिंपडण्यापेक्षा एका संचाला तिसऱ्या घरापर्यंत न्यावं. बँकेकडे घरं फक्त 32. बॉटने हॉटेल घेतलं की त्याची चार घरं परत बँकेत जातात आणि प्रतिस्पर्ध्याला मिळतात. टंचाई असताना चार घरांवर थांबणारा बॉट माणसाला खरोखर सतावतो.

ठरावीक शिल्लक आणि ठरावीक तुरुंगधोरण

‘नेहमी 200 डॉलर राखून ठेव’ हा नियम सुरुवातीला भित्रा आणि शेवटी बेफिकीर ठरतो. पुढच्या 2 ते 12 चौकोनांवर काय उभं आहे ते पाहून राखीव रक्कम ठरवा आणि सुट्या जागा गहाण टाकून किती उभे राहतील तेही त्यात धरा. तुरुंगाचंही तसंच. सुरुवातीला 50 भरून बाहेर पडावं, कारण जागा विकत घ्यायच्या असतात. पट घरांनी भरल्यावर मात्र आत बसलेलं बरं. भाडं तर आतूनही मिळतं.

बॉट अचानक फारच हुशार वाटला तर

आनंद मानू नका, आधी कोड तपासा. पुढच्या चालींचं सिम्युलेशन करताना आपण खेळाच्या स्थितीची प्रत काढतो. त्या प्रतीत यादृच्छिक आकड्यांचा जनरेटर आणि चान्सच्या पत्त्यांचा क्रमही जसाच्या तसा गेला, तर पुढचे फासे काय पडणार हे बॉटला आधीच कळतं. कोड कुठेही अडखळत नाही, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने लपून राहू शकते. प्रत काढल्यावर जनरेटरला नवं सीड (ज्यावरून तो आकड्यांचा क्रम ठरवतो तो सुरुवातीचा आकडा) द्या, न उघडलेली पत्ती पुन्हा पिसा.

शंभर डावांवर निकाल देणं

चार सारखेच बॉट खेळवले तर प्रत्येक जण सरासरी 100 पैकी 25 डाव जिंकेल. पण प्रमाण विचलन, म्हणजे नशिबाने होणारा नेहमीचा चढउतार, 4 डावांहून थोडं जास्त आहे, त्यामुळे नव्या बॉटने 31 जिंकले म्हणून हुरळण्यात अर्थ नाही. 10,000 डाव खेळवले की ते अर्ध्या टक्क्याच्या आत येतं. बसण्याच्या जागा फिरवा, जुन्या-नव्या बॉटला त्याच सीडवर खेळवा. न संपणाऱ्या डावांना फेऱ्यांची मर्यादा घाला, पण ते वेगळे मोजा. विजयांत मिसळले तर सौदेच न करणारा बॉट कागदावर बरा दिसू लागतो.

सोपी पातळी बनवताना

इथे सरसकट वापरला जाणारा उपाय म्हणजे अधूनमधून यादृच्छिक चाल. मला तो अजिबात पटत नाही. समोरचा विनाकारण बोर्डवॉक सोडून देतो तेव्हा जिंकल्याची मजाच जाते. त्यापेक्षा सोप्या बॉटला सौद्यानंतरचा पट बघू देऊ नका, किंवा लिलावात छापील किमतीपलीकडे बोली लावू देऊ नका. मग तो नवशिक्या माणसासारखा चुकतो. आणि प्रत्येक निर्णयामागचे आकडे लॉगमध्ये लिहून ठेवा: किती शिल्लक धरली, सौद्यात कुणाची शक्यता किती बदलली. ‘कॉम्प्युटर फासे फिरवतो’ अशी तक्रार हमखास येते, तेव्हा पडलेल्या फाशांची यादीही दाखवता यायला हवी.