हॅमसाठी लॅपटॉप घ्यायला जाताना खिशात रेडिओ ठेवा

हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स हातात आलं की दोन प्रश्न पडतात, रिग (म्हणजे बोलायचा-ऐकायचा रेडिओ सेट) कुठला घेऊ आणि कॉम्प्युटर कुठला घेऊ. रिगबद्दल सांगणारे ढिगाने भेटतात. कॉम्प्युटरबद्दल मात्र ज्याच्याकडे जे आहे तेच तो भारी म्हणून सांगतो, विंडोजवाला लिनक्सवाल्याला हसतो, लिनक्सवाला सगळ्यांनाच हसतो. मी पण शेवटी माझंच सांगणार आहे, पण आधी कुठे कुठे तोंडावर आपटलो ते सांगतो.

मोर्सची मिनिटाला ८ शब्दांची परीक्षा देऊन एकदाची लायसन्सची जनरल ग्रेड मिळाली, आणि त्या आनंदात मी एक तगडा गेमिंग लॅपटॉप घेतला. डोक्यात असं की सिग्नल डीकोड करायचे म्हणजे प्रोसेसर जबरदस्तच हवा. रिग जोडला, ४० मीटर बँड लावला तर एस मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा काटा) ८ वर चिकटलेला, नुसती खरखर. महिनाभर मी अँटेनालाच शिव्या घालत होतो, दोनदा गच्चीवर चढून डायपोल अँटेना खालीवर केली, कोॲक्स केबल बदलली. मग एका संध्याकाळी लाईट गेली. रिग १२ व्होल्टच्या बॅटरीवर होता म्हणून चालूच राहिला, आणि बँड एकदम शांत, म्हणजे इतका शांत की मला वाटलं अँटेनाच तुटली! लाईट आल्यावर घरातला एकेक प्लग काढत गेलो, फ्रीज, राउटर, ट्यूब, काही फरक नाही, आणि शेवटी लॅपटॉपचा चार्जर काढला तसा काटा धाडकन एस ४ वर आला.

त्या चार्जरमध्ये जे स्विचिंग चालतं त्याचा कचरा थेट एचएफवर, म्हणजे ४० मीटरसारख्या शॉर्टवेव्ह बँडांवर येतो. सगळे चार्जर इतके वाईट नसतात, पण कुठला वाईट ते खोक्यावर लिहिलेलं नसतं. तात्पुरता उपाय म्हणजे बॅटरीवर चालवा आणि चार्जरच्या वायरीला फेराइट कोअर (हा कचरा अडवणारं कडं) लावा, नुसती क्लिप लावून भागत नाही, वायरीचे जमतील तेवढे वेढे त्यातून काढा. हेच यूएसबी केबललाही करा, कारण उलट बाजूनेही त्रास होतो, ट्रान्समिट केलं की आरएफ (रेडिओची ऊर्जा) केबलमध्ये घुसतं, यूएसबी कनेक्शन तुटतं आणि रिग तसाच ट्रान्समिटमध्ये अडकून बसतो.

आता ताकदीचं बोलू. नवीन माणूस आजकाल एफटी८ (कॉम्प्युटरवरून छोटे मेसेज पाठवायचा डिजिटल मोड) पासूनच सुरुवात करतो. २०१७ साली आलेला हा मोड, जोसेफ टेलर आणि स्टीव्ह फ्रँके या दोघांचा, त्यातले टेलर म्हणजे पल्सारवरच्या कामासाठी १९९३ चं फिजिक्सचं नोबेल मिळालेले, त्यामुळे आवाजाच्या गाळातून सिग्नल उपसणं हा त्यांच्या हातचा मळ. १५ सेकंदांचा एक स्लॉट, त्यात साधारण १२.६४ सेकंद ट्रान्समिशन, रुंदी फक्त ५० हर्ट्झ. याला जुना आय३, ८ जीबी रॅम आणि एक एसएसडी भरपूर झाली. खरं पाहिजे ते बरोबर घड्याळ. दोन-अडीच सेकंदांच्या वर इकडेतिकडे झालं की वॉटरफॉल (स्क्रीनवरचं सिग्नलचं चित्र) भरलेला दिसतो पण डीकोड शून्य. रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर करणार असाल तर लक्षात ठेवा, त्यात बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही, डोंगरावर नेट नसेल तर सोबत यूएसबी जीपीएस न्या.

घड्याळावरून माझा सगळ्यात मोठा पोपट झाला तो सांगतो. मी लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकलं होतं. गावी गेलो, तिथे नेट नाही, रात्री नऊला लिनक्सवर एफटी८ लावलं, धो धो डीकोड, ४० क्यूएसओ (संपर्क) झाले. नंतर लॉग (संपर्कांची नोंद) एलओटीडब्ल्यू या संपर्क कन्फर्म करायच्या साइटवर अपलोड केला तर एकही कन्फर्म होईना. झालं असं की विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात आपली भारतीय वेळ लिहून ठेवतं आणि लिनक्स तीच वेळ यूटीसी (जागतिक वेळ) समजून वाचतं. म्हणजे ५ तास ३० मिनिटांचा फरक. आणि ५ तास ३० मिनिटांना १५ सेकंदांनी पूर्ण भाग जातो, त्यामुळे स्लॉट बरोबर जुळत होते, डीकोडला काही फरकच पडला नाही! प्रोग्रॅममध्ये २१ वाजलेले दिसत होते, बाहेर पण रात्रीचे नऊच, मला सगळं बरोबरच वाटलं, तिथे यूटीसी असतं आणि दुपारचे साडेतीन, म्हणजे १५:३०, दिसायला पाहिजेत हे डोक्यातच आलं नाही. एलओटीडब्ल्यूमध्ये दोघांच्या वेळेत ३० मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. चाळीसच्या चाळीस नोंदी हाताने दुरुस्त केल्या. दोन्ही सिस्टीम ठेवणार असाल तर लिनक्सला आधीच सांगून ठेवा की हार्डवेअर घड्याळ लोकल टाइमवर आहे.

मग सिस्टीम कुठली? आधी कागदावर लिहा की तुम्हाला करायचंय काय. कॉन्टेस्ट खेळायच्या असतील आणि एन१एमएम लॉगर हवा असेल, किंवा रेडिओवरून ईमेल पाठवायला विनलिंक एक्सप्रेस हवा असेल, तर मुकाट्याने विंडोज घ्या, हे दोन्ही फक्त त्यावरच चालतात. एफटी८ चा डब्ल्यूएसजेटी-एक्स, इतर डिजिटल मोडचा एफएलडिजी, हँडी (हातात धरायचा रेडिओ) प्रोग्रॅम करायचा चर्प, हे विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीकडे चालतं. मॅकवर पण होतं, पण नुसत्या हॅमसाठी मॅक घेऊ नका, पैसे उरले तर अँटेना वर चढवा.

दुसरं म्हणजे विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलची साधारण आठवी जनरेशन. त्यामुळे सहाव्या सातव्या जनरेशनचे चांगले मजबूत ऑफिस लॅपटॉप सेकंडहँडमध्ये स्वस्तात मिळतात, त्यावर लिनक्स मिंट टाकलं की शॅकचं (रेडिओच्या खोलीचं) काम झालं. लिनक्समध्ये दोनच ठिकाणी नवीन माणूस अडतो. रिगची केबल लावली तरी पोर्ट उघडत नाही, परमिशन नाही म्हणतं, तेव्हा आपल्या युजरला डायलआउट ग्रुपमध्ये टाकायचं आणि लॉगआउट करून परत लॉगिन करायचं, ते परत लॉगिन करायला सगळे विसरतात, मी पण विसरलो. आणि आरटीएल-एसडीआर डाँगल (यूएसबीवरचा छोटा रिसीव्हर) लावला की लिनक्स त्याला टीव्ही ट्यूनर समजून स्वतःच ताबा घेतं, तो ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करावा लागतो. विंडोजवाल्यांनी हसू नये, त्यांना त्याच डाँगलसाठी झाडिग हा ड्रायव्हर बदलणारा प्रोग्रॅम चालवावा लागतो.

आवाजाचं एक. रिग यूएसबीने जोडला की कॉम्प्युटर कधीकधी त्यालाच डीफॉल्ट स्पीकर करून टाकतो. माझ्या एफटी८ मध्ये आठवडाभर व्हॉट्सॲपचं टुंग टुंग हवेत जात होतं, ते शहरातल्याच एका ओएमने (हॅम मित्राने) फोन करून सांगितलं, ‘बाबा, तुझे मेसेज फार येतात.’ सेटिंग मीच बघितलं नव्हतं. सिस्टीम साउंड बंद, डीफॉल्ट स्पीकर लॅपटॉपचा स्वतःचा, रिगचा कार्ड फक्त डब्ल्यूएसजेटी-एक्सला, आणि ऑडिओ इतकाच की एएलसी (ऑडिओ जास्त झाला की हलणारा रिगवरचा काटा) हलायला नको.

ज्यांना लॅपटॉपच नको त्यांनी हैदराबादच्या अशहर फरहान, कॉलसाइन व्हीयू२ईएसई, यांचा एसबिटएक्स हा रिग बघा, त्यात रास्पबेरी पाय रेडिओच्या पोटातच आहे, एफटी८ सकट.

दुसरा लॅपटॉप घ्यायला लॅमिंग्टन रोडला गेलो तेव्हा खिशात छोटा सेलवरचा रेडिओ होता. मीडियम वेव्हवर जिथे स्टेशन नाही तिथे लावला, आवाज वाढवला आणि दुकानदाराला म्हटलं चार्जर लावून दाखवा. तो म्हणाला, ‘साहेब, गाणी ऐकायला आलात की लॅपटॉप घ्यायला?’ पहिल्या चार्जरजवळ नेला तर माशा घोंघावल्यासारखं गुणगुण, दुसऱ्याला तर कानच बधिर, तिसऱ्याजवळ अगदी चिकटवल्यावर जेमतेम काहीतरी. तो घेतला, १५ हजारात, वरून पोर्ट तीन. चार्जर बदलून देतो म्हणत होता, मी म्हटलं हाच चार्जर, हवं तर लॅपटॉप बदला.

आता ४० मीटरला एस ३-४ येतो. उरलेला समोरच्या बाल्कनीतल्या एलईडीच्या माळेचा आहे, दिवाळीपासून लागलीये ती अजून काढलेली नाही, आणि काकूंना सांगायची माझी हिंमत होत नाहीये.

७३ (हॅमच्या भाषेत शुभेच्छा)