फॉरमॅट मारायच्या आधी

हार्डवेअर किंवा डेस्कटॉप सपोर्टच्या कामाला नव्याने लागलं की पहिल्याच आठवड्यात हमखास येणारी तक्रार म्हणजे "पीसी चालू होत नाहीये". या एका वाक्यात निदान सहा वेगळे बिघाड दडलेले असतात. बटण दाबूनही काहीच होत नाही. पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही. लोगो येतो आणि तिथेच थिजतो. बूट डिव्हाइस सापडत नाही असा मजकूर येतो. विंडोजचे ठिपके तासभर गोल फिरत राहतात. किंवा पासवर्ड टाकल्यावर काळ्या पडद्यावर नुसता माउसचा बाण उरतो. वापरणाऱ्याच्या लेखी हे सगळं एकच, पण दुरुस्त करणाऱ्याला या सहांचे रस्ते वेगळे असतात.

नवखे बहुतेक वेळा यातल्या कुठल्याही लक्षणावर बूटेबल पेन ड्राइव्ह काढतात आणि फॉरमॅट मारायला बसतात. कधी मशीन चालूही होतं. पण रॅम खराब असेल तर फायली कॉपी होतानाच इन्स्टॉलेशन आपटतं, डिस्क मरायला टेकली असेल तर महिन्याभरात तेच मशीन परत येतं, आणि मधल्या मध्ये लोकांचे फोटो नि हिशोब गेलेले असतात. म्हणून आधी एकच गोष्ट ठरवायची: मशीन कुठवर येऊन अडलंय?

त्यासाठी क्रम तोंडपाठ हवा. बटण दाबलं की एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारं खोकं, आपले व्होल्टेज स्थिर झाल्याची खूण मदरबोर्डला देतो. प्रोसेसर फर्मवेअर, म्हणजे बोर्डावरच्या चिपमधला सुरुवातीचा प्रोग्राम (बोलण्यात बायोस), वाचायला लागतो. फर्मवेअर रॅम, ग्राफिक्स, डिस्क अशी हजेरी घेतं. यालाच पोस्ट म्हणतात. मग बूट क्रमाप्रमाणे ते डिस्ककडे वळतं आणि यूईएफआय ही नवी बूट पद्धत असेल तर एका छोट्या फॅट३२ पार्टिशनमधला (डिस्कवरच्या वेगळ्या भागातला) विंडोज बूट मॅनेजर उचलतं. बूट मॅनेजर बीसीडी नावाची नोंदवही वाचून विंडोज कुठे आहे ते शोधतो, विनलोड हा प्रोग्राम कर्नल (विंडोजचा गाभा) आणि गरजेचे ड्रायव्हर मेमरीत चढवतो, आणि शेवटी लॉगिनचा पडदा येतो.

या साखळीच्या बरोबर मध्ये एक सोपी चाचणी बसते. बायोस सेटिंगमध्ये जाता येतंय का बघा आणि गेल्यावर मशीन दहा मिनिटं तसंच ठेवा. ते स्वतःहून रीस्टार्ट झालं नाही, थिजलं नाही, आणि डिस्कचं मॉडेल तिथे दिसतंय, तर वीज, बोर्ड, प्रोसेसर ही मंडळी बहुधा निर्दोष आहेत आणि शोध डिस्क किंवा ऑपरेटिंग सिस्टीमकडे वळवायचा. सेटिंगपर्यंतच पोचता येत नसेल तर विंडोजचा विचारही करू नका.

हात लावायच्या आधी मालकाला तीन प्रश्न विचारा. शेवटचं नीट कधी चाललं? त्यानंतर काय झालं: अपडेट, वीज जाणं, नवी रॅम, मशीन एका जागेवरून दुसरीकडे हलवणं? आणि डेटाची दुसरी प्रत आहे का? "काहीच केलं नाही" हे उत्तर गृहीतच धरा. जरा वेळाने पुन्हा विचारलं की काहीतरी निघतंच.

काहीच हालचाल नसेल तर सॉकेट, पॉवर केबल आणि एसएमपीएसच्या मागचं बटण आधी बघा. हे सांगताना लाज वाटते, पण अर्धा तास इथेच जातो. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून चालू करा. डेस्कटॉपमध्ये २४ पिनचा मुख्य जॅक आणि प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनचा जॅक काढून घट्ट बसवा. दुसरा सैल असेल तर पंखे फिरतात पण पुढे काही होत नाही, आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो. एसएमपीएस सुटा तपासायचा तर २४ पिनच्या जॅकमधली हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरला जोडून तो चालू करतात. वायरी सगळ्या काळ्या असतील तर रंगावर अंदाज न बांधता पिनचा नकाशा बघा. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, असंही समजू नका. बिनलोडाचा तो फिरतो आणि लोड आला की बसतो. मल्टिमीटरवर १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ यांच्या आत हवी, तीही मशीन चालू करून बघितलेली. एसएमपीएसचं खोकं मात्र उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, तेव्हा पहिला संशय रॅमवर. त्याच्याही आधी मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टला तर लागली नाही ना ते बघा. मग प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज उतरवा आणि रॅमच्या सगळ्या पट्ट्या काढा. सोनेरी कडा मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसून भुगा झटका. एकच पट्टी प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवा; चार स्लॉटच्या बऱ्याच बोर्डांवर एकटी पट्टी तिथे लावायची असते. टोकाची क्लिप आपोआप मिटल्याचा "टक्" आवाज आला पाहिजे. एका बाजूने किंचित वर राहिलेली पट्टी डोळ्यांना बसल्यासारखीच दिसते. मग पट्टी बदलून, स्लॉट बदलून बघत जा, पण एका वेळी एकच बदल. दोन बदल एकदम केले की कशाने सुटलं ते कधीच कळत नाही. नव्या बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट असे चार छोटे दिवे असतात. ज्यावर अडतो तो दिवा पेटून राहतो. डीडीआर५ रॅम नव्याने बसवली असेल तर पहिल्या वेळी पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो, कारण बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. तेवढ्यात घाबरून वीज तोडली की सगळं पहिल्यापासून.

आता एक फसवी जागा. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा ३ व्होल्टचा नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की घड्याळ मागे जातं हे सगळ्यांना माहीत असतं. पण बऱ्याच बोर्डांवर त्याबरोबर बायोसची सेटिंगही मूळपदावर जाते, आणि तिथे सुरू होते खरी गंमत. डिस्क कंट्रोलरचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, रेडवरून (RAID) एएचसीआयवर (AHCI) किंवा उलटा गेला, तर विंडोज आपल्याच डिस्कला ओळखत नाही आणि "इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस" असा निळा पडदा दाखवतं. दिसताना विंडोज उडाल्यासारखं दिसतं, कारण मात्र एक छोटा सेल. तेव्हा हा निळा पडदा दिसला की रिपेअर सुरू करण्याआधी बायोसमधली तारीख बघा. ती काही वर्षं मागे असेल तर सेल बदला, मोड पूर्वीसारखा करा, आणि बहुतेक वेळा विंडोज मुकाट्याने उघडतं. यापुढे कुठल्याही मशीनच्या बायोसला हात लावण्याआधी सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवायची सवय लावा.

बूट डिव्हाइस नाही असं म्हणत असेल तर आधी सगळे पेन ड्राइव्ह, कार्ड रीडर, बाहेरच्या हार्ड डिस्क काढा. मग बायोसमध्ये डिस्क दिसते का? दिसत नसेल तर साटा केबल (डिस्क बोर्डाला जोडणारी) आणि पोर्ट बदला, एम.२ (थेट बोर्डावर बसणारी एसएसडी) असेल तर काढून पुन्हा बसवा. काही बोर्डांवर एम.२ स्लॉट वापरला की ठरावीक साटा पोर्ट बंद पडतात, त्यामुळे नवी एसएसडी बसवल्यावर जुनी डिस्क "गेली" असं वाटतं. डिस्क दिसते पण बूट होत नाही, तर पद्धत जुळते का पाहा. जीपीटी आणि एमबीआर हे डिस्कवर पार्टिशनची नोंद ठेवायचे दोन प्रकार. जीपीटी डिस्कवरचं विंडोज यूईएफआयमध्येच सुरू होतं आणि एमबीआर डिस्कवरचं जुन्या लेगसी पद्धतीत. विंडोजच्या डिस्कपार्ट या आज्ञेत "लिस्ट डिस्क" दिल्यावर जीपीटीच्या रकान्यात तारांकन दिसलं की डिस्क जीपीटी.

विंडोजच्या दुरुस्तीकडे वळण्याआधी डिस्कची तब्येत बघणं सोडू नका. दुसऱ्या मशीनला जोडून किंवा लिनक्सच्या लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) पेन ड्राइव्हवरून स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, वाचा. ५ क्रमांकाची ओळ बदलून टाकलेले सेक्टर सांगते, १९७ वाचता न येणारे प्रलंबित, १९८ हाताबाहेर गेलेले. १९९ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा, डिस्कचा नाही. १९७ शून्यावर असेल तर ठीक. वाढत असेल तर "चेकडिस्क /आर" अजिबात चालवू नका. ती आज्ञा डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचायला लावते, आणि मरणाऱ्या डिस्कचा शेवट अनेकदा त्यातच होतो. आधी डीडीरेस्क्यू या लिनक्सवरच्या प्रोग्रामने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा आणि पुढचे प्रयोग प्रतीवर करा. डिस्क टक-टक वाजत असेल तर वीज काढा. ते काम डेटा रिकव्हरीवाल्यांचं.

आता विंडोज. सुरू होण्याचे लागोपाठ दोन प्रयत्न फसले की ते स्वतःच रिकव्हरीच्या निळ्या पडद्यावर येतं. आलं नाही तर ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर इन्स्टॉलेशन मीडिया बनवून त्यातल्या "रिपेअर युअर कॉम्प्युटर" मधून आत जा. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) चालू असेल तर इथे ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात किंवा कंपनीच्या अ‍ॅडमिनकडे असते. नसेल तर डेटाला पर्यायी वाट नाही, आणि हे मालकाला सुरुवातीलाच स्पष्ट सांगा.

स्टार्टअप रिपेअर एकदाच चालवा. तेच बटण पाच वेळा दाबून काही निघत नाही. अपडेटनंतर बिघडलं असेल तर "अनइन्स्टॉल अपडेट्स", नवा ड्रायव्हर टाकला असेल तर सिस्टीम रिस्टोअर. सेफ मोडसाठी स्टार्टअप सेटिंग्जमधून रीस्टार्ट करून ४ दाबा. सेफ मोड चालतो आणि नेहमीचं विंडोज चालत नाही, याचा अर्थ कर्नल शाबूत आहे, कुठलातरी ड्रायव्हर किंवा सेवा आडवी येतेय. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष फायलीने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन आडवी पाडली, त्यावरचा हातचा उपाय हाच होता: सेफ मोड किंवा रिकव्हरीत जाऊन त्या कंपनीच्या ड्रायव्हर फोल्डरमधली सी-०००००२९१ ने सुरू होणारी फाइल उडवायची. काम दोन मिनिटांचं. पण बिटलॉकरच्या किल्ल्या शोधण्यात अनेक ठिकाणी जास्त वेळ गेला.

बूट मॅनेजरच बीसीडीच्या नावाने ओरडत असेल तर जुने धडे "बूटरेक /फिक्सबूट" सांगतात. यूईएफआय मशीनवर ती आज्ञा बऱ्याचदा "अ‍ॅक्सेस इज डिनाइड" म्हणून हात वर करते. त्यापेक्षा बूट फायली नव्याने लिहिणं सरळ. कमांड प्रॉम्प्टमध्ये डिस्कपार्ट, मग "लिस्ट व्हॉल्यूम". त्यात साधारण १०० एमबीच्या आसपासचं फॅट३२ पार्टिशन शोधा, ते निवडा, "असाइन लेटर=एस" द्या आणि बाहेर या. रिकव्हरीत ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, म्हणून "डीआयआर सी:" देऊन विंडोज फोल्डर खरंच तिथे आहे का बघा. कधी ते डी वर सापडतं. मग "बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय". फायली तयार झाल्याची एक ओळ आली की झालं. डिस्कपार्टमध्ये "क्लीन" हा शब्द चुकूनही टाइप करू नका. तो कसलीही खात्री न विचारता पार्टिशन टेबल पुसतो.

अपडेट अर्ध्यावर अडकून मशीन फेऱ्या मारत असेल तर "डिझम /इमेज:सी:\ /क्लीनअप-इमेज /रिव्हर्टपेंडिंगअ‍ॅक्शन्स" अडकलेलं काम मागे घेतं. रजिस्ट्रीची (विंडोजच्या सेटिंगच्या कोठाराची) जुनी प्रत रेगबॅक फोल्डरमधून परत आणायची युक्ती अजून खूप ठिकाणी सांगितली जाते. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून तिथे प्रत ठेवणं बंद आहे. फायली दिसतात, आकार शून्य.

लिनक्स मशीनवर गोष्टी उघड बोलतात, इतकाच फरक. "इमर्जन्सी मोड" आला तर एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीत) बहुधा अशा डिस्कची ओळ असते जी आता जोडलेली नाही. ती ओळ काढा किंवा तिला "नोफेल" लावा, म्हणजे ती डिस्क नसली तरी बूट अडत नाही. "इनिटरॅमएफएस" चा प्रॉम्प्ट आला तर एफएससीके ही डिस्कवरच्या फाइल सिस्टीमची तपासणी करणारी आज्ञा चालवा. आणि लॉगिनचा पडदा येतच नसेल तर आधी डिस्क शंभर टक्के भरली का ते पाहा.

सरावासाठी कुणाचं मशीन लागत नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातल्या संगणकात) विंडोज टाका, स्नॅपशॉट (परत येता येईल अशी प्रत) घ्या, आणि मुद्दाम मोडा: एस अक्षर देऊन बीसीडी फाइल उडवा, डिस्क कंट्रोलर बदला, ईएफआय पार्टिशन (तेच छोटं फॅट३२) फॉरमॅट करा. प्रत्येक वेळी पडद्यावर नेमका कोणता मजकूर येतो तो लिहून ठेवा. मुलाखतीत "पीसी बूट होत नाही, काय कराल?" हा प्रश्न येतोच, आणि समोरचा आज्ञांची यादी ऐकत नसतो, तुम्ही कोणत्या क्रमाने काय वगळता ते ऐकत असतो. तिकिटातली (तक्रारीच्या खात्यातली) नोंदही तशीच हवी: "लोगोनंतर निळा पडदा. बायोसमध्ये डिस्क दिसते, तारीख चुकीची. मोड एएचसीआय होता, रेड केला, विंडोज उघडलं. सेल २.४ व्होल्ट, बदलला." "चेक केलं, ओके" या नोंदीचा पुढच्या माणसाला काडीचा उपयोग नाही.

मशीन परत देण्याआधी नुसतं शट डाउन करून चालू करू नका. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोज कर्नल डिस्कवर जपून ठेवतं आणि तोच परत उचलतं, पूर्ण बूट होतच नाही. एकदा रीस्टार्ट, एकदा शिफ्ट धरून शट डाउन, आणि सेल बदलला असेल तर प्लग रात्रभर काढून सकाळी तारीख बघा.